अवकाशाला आकडेमोड येते का?

कोनराड त्सूझे हा बर्लिनचा अभियंता. विमानांच्या रचनेसाठी करावी लागणारी कंटाळवाणी आकडेमोड टाळायची म्हणून त्याने आईवडिलांच्या दिवाणखान्यातच गणकयंत्र बांधायला घेतले. १९४१ साली त्याचे ‘झेड ३’ चालू झाले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तसले दोन हजारांहून जास्त रिले आणि सूचनांसाठी छिद्रे पाडलेली पट्टी, एवढा त्याचा संसार. आज्ञावलीवर चालणारा, प्रत्यक्ष काम करणारा पहिला संगणक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. युद्धातल्या बाँबफेकीत यंत्र गेले, त्सूझे वाचला. १९६९ मध्ये त्याने एक छोटे पुस्तक काढले, ‘रेख्नेंडर राउम’, म्हणजे गणना करणारे अवकाश.

अवकाश ही बारीक घरांची अफाट जाळी आहे, असे तो म्हणतो. प्रत्येक घर शेजाऱ्यांची स्थिती पाहते आणि ठरलेल्या नियमाने आपली पुढची स्थिती ठरवते. कण म्हणजे या जाळीतून सरकणाऱ्या आकृत्या. अमेरिकेत एडवर्ड फ्रेडकिनने हाच विचार आयुष्यभर लावून धरला. स्टीफन वुल्फ्रॅमने २००२ साली त्याच वाटेवर सुमारे बाराशे पानांचा ग्रंथ लिहिला. जॉन कॉन्वेचा १९७० मधला ‘लाइफ’ हा खेळही असाच. नियम दोन-तीन वाक्यांत संपतात, पण त्या पटावर अख्खा संगणक मांडता येतो. एवढ्याशा नियमांतून एवढे निघते, तर विश्व का निघू नये? मोह समजण्यासारखा आहे.

पुढे काही जण मोहावर थांबत नाहीत. विश्व असेच असले पाहिजे, असे म्हणतात आणि ॲलन ट्युरिंगची साक्ष काढतात. ही साक्ष मला पटत नाही. १९३६च्या निबंधात ट्युरिंगने विचार केला तो कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या हिशोबनिसाचा. अशा माणसाला डोके न चालवता, केवळ नियम पाळून काय काय काढता येईल, याची हद्द त्याने आखली. निसर्गही त्याच हद्दीत राहतो, हा निराळा दावा. डेव्हिड डॉइच यांनी तो १९८५ मध्ये भौतिकीचे तत्त्व म्हणून उघडपणे मांडला. आणि भौतिकीचे तत्त्व म्हटले की त्याला प्रयोगाच्या दारात उभे राहावेच लागते.

पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला महासंगणक वातावरणाचे चौकोन पाडून पावसाचा अंदाज काढतो. मोठे यंत्र आले की चौकोन लहान होतात. सह्याद्रीवरच्या ढगांना त्याचा पत्ताही नसतो. एखाद्या गोष्टीचे गणित आपल्याला करता येते म्हणून ती गोष्ट स्वतः गणित करत असते असे ठरत नाही. या विषयावरच्या अर्ध्याअधिक वादांत हा फरक कुणाच्या लक्षातच राहत नाही.

त्सूझेच्या जाळीचे एक बरे आहे, तिची परीक्षा घेता येते. जाळी असेल तर सरळ रांगेने जाणे आणि तिरपे जाणे यांत कुठेतरी फरक पडणार. लहान तरंगलांबीचा, म्हणजे जास्त ऊर्जेचा प्रकाश घरांच्या आकारावर अडखळून किंचित वेगळ्या वेगाने जाणार. हा फरक नगण्य खरा, पण प्रवास अब्जावधी वर्षांचा असेल तर तो साठत जातो. १० मे २००९ रोजी फर्मी या अवकाश दुर्बिणीने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. तो प्रकाश सात अब्जांहून अधिक वर्षे वाटेत होता. त्यातला ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन, कमी ऊर्जेचे फोटॉन यायला लागल्यापासून एका सेकंदाच्या आत येऊन पोहोचला. सात अब्ज वर्षांच्या वाटेवर एका सेकंदाचाही फरक नाही! ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वेग बदलतो असे सांगणाऱ्या कल्पना या नोंदीने थेट प्लांक लांबीपर्यंत मोडीत काढल्या. ही लांबी म्हणजे मीटरच्या १०चा ३५वा घात इतक्या भागांपैकी साधारण दीड भाग. फरक ऊर्जेच्या वर्गाने वाढत असेल तर मात्र जाळी अजून निसटते. त्सूझे हरला असे म्हणता येत नाही, पण त्याची बाजू अवघड झाली आहे.

क्वांटम भौतिकी वेगळीच अडचण आणते. प्रत्येकी दोनच अवस्था असणारे ३०० कण घेतले, तरी त्यांची एकत्रित स्थिती लिहायला साधारणपणे २चा ३००वा घात इतक्या संख्या लागतात. दृश्य विश्वात तेवढे अणूही नाहीत. १९८१ मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी याच अडचणीवरून क्वांटम नियमांनीच चालणारा संगणक सुचवला. मात्र इथे प्रश्न वेळेचा आणि कागदाचा आहे. गणना अशक्य आहे असे यातून निघत नाही.

अशक्यतेचे दाखलेही आहेत. तरंगाच्या नेहमीच्या समीकरणात गणनेने काढता येणारी सुरुवात देऊनही गणनेने न निघणारे उत्तर मिळू शकते, असे मेरियन पूर-एल आणि इयन रिचर्ड्स यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. एखाद्या पदार्थात सर्वांत खालच्या ऊर्जापातळीच्या वर फट आहे की नाही, हे सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, असे कबिट, पेरेस-गार्सिया आणि वुल्फ यांनी २०१५ मध्ये दाखवले. पण पहिल्या दाखल्यातली सुरुवात मुद्दाम अतिशय खडबडीत घडवलेली, आणि दुसऱ्यातला पदार्थ अमर्याद पसरलेला. प्रयोगशाळेत यांपैकी काहीच हाती येत नाही.

प्रयोगशाळेत हाती येतात ते मोजके अंक. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाचे २०२३ मधले मोजमाप जवळजवळ १३ अंकांपर्यंत पक्के आहे. इतके अचूक आकडे भौतिकीत फार थोडे. तरी ते अंक कुठेतरी थांबतात, आणि थांबणारी कोणतीही अंकमाला छापणारी आज्ञावली लिहिता येतेच. म्हणून विश्व गणनेबाहेरचे आहे असे निव्वळ आकडे दाखवून कुणाला सिद्ध करता येणार नाही, आणि ते गणनेतलेच आहे असेही नाही. घरांचा आकार आणि नियम सांगून कुणी पुढे आला, तर मात्र फर्मीसारखी दुर्बीण त्याला उत्तर देऊ शकते.