बहिऱ्या माणसाचें व्यसन

दारूचें अथवा अफूचें व्यसन औषधानें सुटतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. शरीरांत भिनलेलें विष उतरविण्यास आणि हातापायांचा कंप व निद्रानाश आवरण्यास औषध लागतें खरें. परंतु हें काम बहुधा थोड्या दिवसांत आटोपतें. पुढचें काम मात्र महिनेच्या महिने चालतें, आणि तें जवळजवळ सगळें शब्दांचें आहे. रोगी आपली हकीकत सांगतो, दुसऱ्याची ऐकतो. जाणता माणूस त्यास समजावितो. घरच्या मंडळींशींही बोलणें होतें. १९३५ सालीं अमेरिकेच्या ओहायो राज्यांतील अ‍ॅक्रन गांवीं बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ ह्या दोन मद्यपींची भेट झाली आणि तींतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. तिचें सारें सामर्थ्य एवढेंच कीं, एका मद्यप्यानें दुसऱ्याशीं मोकळ्या मनानें बोलावें. ज्यास ऐकूंच येत नाहीं, त्यानें अशा बैठकीस जाऊन काय करावें?

लिहून दाखवावें, हें उत्तर चटकन् सुचतें. पण जन्मतः बहिऱ्या असलेल्या माणसास मराठी किंवा इंग्रजी ही कानावाटे मिळालेली नसते; परभाषा शिकावी तशी ती त्यास डोळ्यांनीं शिकावी लागते. ‘आत्मपरीक्षण’, ‘संयम’ असल्या शब्दांनीं भरलेला कागद हातीं दिला, तर तो सौजन्यानें मान हलवितो आणि त्यास सारें कळलें असें डॉक्टर समजतात. ओठ पाहून कळेल म्हणावें, तर तेंही सोंपें नाहीं. श्रोत्यांनीं आरशापुढें उभें राहून ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे तीन शब्द आवाज न करितां उच्चारून पाहावे. तिन्ही वेळां ओठ सारखेच हलतात.

अशा माणसाची खरी भाषा हातांच्या खुणांची. तिचा अव्हेर पुष्कळ वर्षें झाला. १८८० सालीं इटलींतील मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिनें शाळांतून खुणांची भाषा वगळून केवळ तोंडानें बोलण्याचें शिक्षण द्यावें, असा ठराव केला. १९६० सालीं विल्यम स्टोकी ह्या अमेरिकन प्राध्यापकानें ह्या खुणांस स्वतःची घडण व नियम आहेत, असें दाखवून दिलें. आणि २०१० सालीं व्हँकूवर येथील परिषदेनें मिलानच्या ठरावाबद्दल खेद प्रकट केला.

तथापि व्यसनाचें मूळ शाळेच्याही आधीं, घरांत सांपडतें. बहुतेक बहिरीं मुलें ऐकत्या आईबापांच्या पोटीं जन्मास येतात. रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसतात. काकांची नोकरी दारूपायीं गेली, शेजारच्या घरीं काल आरडाओरडा झाला, अशा गोष्टी निघतात. ऐकतें मूल कोणी न शिकवितां दारूचा परिणाम शिकतें. बहिरें मूल सर्वांचे चेहरे पाहतें आणि खुणेनें विचारतें, ‘काय झालें?’ उत्तर मिळतें, ‘कांहीं नाहीं, मग सांगूं.’ तें ‘मग’ कधीं येत नाहीं.

हेंच मूल मोठें झालें म्हणजे त्यास आपल्यासारख्यांची संगत मिळते. तेथें त्यास आयुष्यांत प्रथमच पोटभर बोलावयास मिळतें. दुर्दैवानें ती मंडळी पिणारी असली, तर दारू सोडणें म्हणजे बोलणें सोडणें होऊन बसतें. शिवाय हा समाज लहान, एकमेकांस ओळखणारा. आपली गोष्ट चारचौघांत जाईल ह्या भीतीनें मनुष्य उपचारास जात नाहीं. घरचे लोकही ‘बिचारा’ म्हणून त्याच्या पिण्यावर पांघरूण घालतात.

ह्या अडचणी ओळखून १९८९ सालीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं केवळ बहिऱ्या व कमी ऐकूं येणाऱ्या रोग्यांसाठीं एक उपचारकेंद्र निघालें. तेथील उपचारक रोग्यांशीं त्यांच्याच भाषेंत बोलत. दारूनें आयुष्याची काय दशा केली, हें रोग्यास निबंधरूपानें लिहावयास न लावितां चित्र काढून दाखविण्यास सांगत. मग त्या चित्रावर खुणांनीं चर्चा होई. दूरदूरच्या राज्यांतून तेथें रोगी येत. बरे होऊन परतलेल्यांपैकीं कोण टिकतो, ह्याचा शोध घेतां तीन गोष्टी ठळक दिसल्या: बैठकींस नियमानें जाणें, आपल्या निश्चयाविषयीं बोलावयास घरीं कोणी असणें आणि हातीं नोकरी असणें. तीनपैकीं दोन पुन्हां बोलण्याच्याच.

रुग्णालयांनीं दोन गोष्टींचें भान ठेवणें अवश्य आहे. दारू तुटतांना रोगी भ्रमिष्ट झाल्यास कधीं कधीं त्याचे हात बांधण्याची पाळी येते. बहिऱ्याचे हात बांधणें म्हणजे त्याचें तोंड बांधणें होय. दुसरें, पोटच्या मुलास बापाचा दुभाषी करूं नये. लेकरापुढें कोणता बाप आपल्या व्यसनाचा खरा हिशेब देईल?

म्हातारपणीं ऐकूं येईनासें झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांस भाषा येते, पण गप्पांतून ते गळतात आणि एकटेपणा पेल्यांत बुडवूं पाहतात. त्यांस श्रवणयंत्र, शांत खोली, समोर बसून सावकाश बोलणें व लिहून दाखविणें ह्यांचा चांगला उपयोग होतो.

महाराष्ट्रास ह्या कामाचीं साधनें परकीं नाहींत. मुंबईंत बहिऱ्यांची शाळा एकोणिसाव्या शतकांतच निघाली. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्या दांपत्यानें पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांच्या साह्यानें ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्तिकेंद्र उभारलें. दिल्लींत २०१५ सालीं भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनाचें व प्रशिक्षणाचें केंद्र स्थापन झालें. शाळा, व्यसनमुक्तिकेंद्र आणि दुभाषी हे तीन धागे एकत्र वळले, तरच दोर तयार होईल.

परंतु पहिला धागा घराघरांतच आहे. ज्या घरीं बहिरें मूल असेल, त्या घरच्या मंडळींनीं त्याच्या खुणा शिकून घ्याव्या आणि जेवतांना त्यानें ‘काय झालें?’ असें विचारलें, तर घास बाजूस ठेवून त्यास उत्तर द्यावें. उपचारकेंद्रांत पुढें महिनोन् महिने जें करावें लागतें, त्याचा बराचसा भाग त्या पानावरच उरकतो.