शरीरात बसवलेल्या सांध्याचा नंबर तुमच्याकडे आहे का?

वस्तीत खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेली माणसं आता ठिकठिकाणी भेटतात. ‘सांधा बदलला’ एवढं ती सांगतात. पण कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा बसवला, असं आम्ही विचारलं की घरात कुणालाच सांगता येत नाही. मोबाइल घेतला तरी आपण त्याची पावती जपतो. जी वस्तू पंधरा-वीस वर्षं शरीरात राहायची, तिचा मात्र कागद नसतो. हा कागद का हवा आणि देशपातळीवर अशी नोंद का हवी, ते या वेळी पाहू.

नोंद नसली की काय होतं?

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा कृत्रिम खुबा होता. त्याचा गोळाही धातूचा, वाटीही धातूची. दोन्ही एकमेकांवर घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे बारीक कण सुटायचे. ते रक्तात उतरायचे आणि सांध्याभोवतीचं मांस खराब करायचे. अनेकांना थोड्याच वर्षांत दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं.

हे आधी उघड झालं ते ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदींमधून. ऑस्ट्रेलियात हा खुबा २००९ च्या अखेरीस विक्रीतून काढला आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला.

भारतात हा खुबा सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला गेला होता. पुढे शोधाशोध झाली तेव्हा हजाराच्या आसपासच रुग्ण सापडले. बाकीच्यांची नावं, पत्ते लागले नाहीत. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने प्रत्येक रुग्णाला किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. २०१८ मध्ये सरकारने भरपाई ठरवण्याचं सूत्र मान्य केलं. पण जो रुग्ण सापडलाच नाही, त्याला भरपाई कोण देणार? कंबर का दुखते म्हणून तो गोळ्या खात बसला असेल, तर खरं कारण त्याला कधी कळणारही नाही.

नोंदवही कशी काम करते?

स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्याची आणि १९७९ मध्ये खुब्याची राष्ट्रीय नोंद सुरू केली. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात ‘कॅपिटल’ नावाचा खुबा लवकर ढिला होऊ लागला आणि तो कुणाकुणाला बसवलाय हे शोधताना नाकी नऊ आले. त्यानंतर तिथे एप्रिल २००३ पासून राष्ट्रीय नोंद सुरू झाली.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक ऑपरेशननंतर रुग्णाचं वय, ऑपरेशनचं कारण, रुग्णालय, सांध्याची कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबर लिहायचा. त्याच माणसाचं पुन्हा ऑपरेशन झालं की जुन्या नोंदीशी जोडायचं. एका डॉक्टरला सगळं दिसत नाही, कारण त्रास झालेला रुग्ण पुष्कळदा दुसऱ्याच दवाखान्यात जातो. हजारो नोंदी एकत्र आल्या की कोणतं मॉडेल लवकर खराब होतं ते दिसतं.

आपल्याकडे काय आहे?

खुबा-गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेची नोंद भारतात आहे, पण ती ऐच्छिक. ज्यांना भरायची ते भरतात. तज्ज्ञ समितीने अशा जोखमीच्या वस्तूंसाठी स्वतंत्र नोंदणी हवी, असंही सुचवलं होतं.

परदेशातले आकडे वाचून आपलं काम भागणार नाही. तिथे बहुतेक सांधे म्हातारपणीच्या झिजेमुळे बदलतात. आपल्याकडे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून खचणं, हे मोठं कारण आहे. सिकलसेलमध्ये हे घडतं, आणि विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल किती घरांत आहे ते सांगायला नको. पंचविशी-तिशीतल्या पोराला खुबा बदलावा लागला, तर तो सांधा पुढे किती वर्षं टिकेल? जमिनीवर मांडी घालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या माणसाला कोणता सांधा बरा? याचं उत्तर स्वीडनच्या वहीत सापडणार नाही. त्यासाठी आपल्या सिव्हिल हॉस्पिटलांतल्या आणि योजनेखाली ऑपरेशन झालेल्या रुग्णांचीही मोजणी व्हायला हवी.

घरी एवढं करा

१. सांध्याच्या खोक्यात निघणारे स्टिकर असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि बॅच नंबर असतो. थिएटरमध्ये आम्ही नर्सेस तेच केस पेपरवर चिकटवतो. सुट्टी होण्याआधी त्यातला एक स्टिकर डिस्चार्ज कार्डावर मागून घ्या. लाजू नका.

२. आधीच ऑपरेशन झालं असेल, तर रुग्णालयात अर्ज देऊन कागदांची प्रत मागा. उशीर केला तर जुने कागद मिळणं अवघड जातं.

३. बिल नीट पाहा. २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या. सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर बिलात वेगळा दाखवायला सांगा. योजनेतून ऑपरेशन होणार असेल, तर कागदांबाबत आरोग्यमित्राला विचारा.

४. स्टिकरचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डासोबत. पावसात घरात पाणी शिरलं तरी फोटो राहील.

५. दुखत नसलं तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला एक्स-रे काढा. जांघेत नव्याने दुखणं, सूज किंवा लंगडणं सुरू झालं तर थांबू नका. ताप आला, जखम लाल झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

६. बसवलेल्या वस्तूमुळे त्रास झाला, तर केंद्राच्या ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रमाकडे कळवता येतं. तो २०१५ पासून सुरू आहे. डॉक्टरांना तसा अर्ज भरायला सांगा.

हे झालं घरापुरतं. पण प्रत्येकाने आपापली पिशवी सांभाळून देशाची नोंद तयार होत नाही. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाला ही नोंद सक्तीची करा, आणि रुग्णाच्या हातात त्याच्या सांध्याचं कार्ड द्या, ही आमची मागणी आहे. आपल्या महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने ती आमदार-खासदारांकडे लेखी द्यावी. तोवर या रविवारी वस्तीत सांधा बदललेली किती माणसं आहेत आणि त्यातल्या किती जणांकडे स्टिकर आहे, तेवढं मोजून पाहा.