लेकराचं मन घडतं कसं?

लेकरू वाढतं ते आपल्याला दिसतं. दात येतात, पाय फुटतात, झबलं आखूड होतं. पण डोक्याच्या आत जी वाढ चालते, ती दिसत नाही. खरं तर तीच सगळ्यांत घाईची.

जन्मलेल्या बाळाचा मेंदू ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो. मोठ्या माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅमचा. दोन वर्षांचं होईतो लेकराचा मेंदू मोठ्याच्या पाऊणपट होतो. शाळेत नाव घालतो तेव्हा तो नव्वद टक्के वाढलेला असतो. म्हणजे गुरुजींच्या हाती लेकरू जाण्याआधी पुष्कळ काम घरातच झालेलं असतं.

हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. सेवाग्रामला १९४५ साली नयी तालीमची परिषद भरली. शिक्षण सात वर्षांपासून नव्हे, जन्मापासून धरावं, हा गांधीजींचा विचार तिथं मांडला गेला. तेव्हा मेंदूच्या आत पाहणारी यंत्रं नव्हती. आज आहेत, आणि तीही तेच सांगतात.

मेंदूत बारीक बारीक पेशी असतात. त्या एकमेकींशी जोडल्या जातात. वावरातून रोज माणसं गेली की पायवाट पडते. जिथून कोणी जात नाही तिथं गवत माजतं. मेंदूचंही तसंच. लेकरू हुंकार देतं, आई “काय गं बाई?” म्हणते, लेकरू हसतं. अशानं वाट पडते. याला पैसा लागत नाही. निंदताना धुऱ्यावरच्या झोळीकडे पाहून दोन शब्द बोलले तरी चालतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवताना पोर शंभर प्रश्न विचारतं. त्याला उत्तर द्यावं. मोबाईल हातात दिला की पोर गप्प बसतं खरं, पण मोबाईल त्याच्या हसण्याला हसत नाही.

पोटाला अन्न हवंच. आयोडीनचं मीठ हवं, गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या हव्या. त्याविना मेंदू नीट वाढत नाही.

आता अवघड गोष्ट. आपली घरं कापूस-सोयाबीनच्या भरवशावर चालतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात पऱ्हाटी खाल्ली, ते कोण विसरेल? नापिकी झाली की कर्जाचा तगादा येतो. घरात आवाज चढतो. जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी बाटली घरात येतेच. लेकराला कर्ज कळत नाही, पण बापाचा चेहरा कळतो. भीती वाटली की शरीरात एक रस सुटतो. घटकाभर सुटला तर बिघडत नाही. रोज सुटला तर झोप मोडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, झोपेत लघवी होते. आपण म्हणतो, पोर वाया गेलं. ते वाया गेलेलं नसतं, भ्यालेलं असतं.

अशा वेळी खरं सांगावं. “यंदा कापूस कमी झाला, म्हणून काळजी आहे. तुझी काही चूक नाही.” ज्या घरात बापानं जीव दिला, तिथं तर पोराला “बाबा गावाला गेले” असं मुळीच सांगू नये. पोर वाट पाहत राहतं. पुढे शेजाऱ्याकडून कळलं की आपल्यावरचा विश्वासही जातो. सोप्या शब्दांत सांगावं, जवळ घ्यावं, रडू द्यावं. आजी असो की मावशी, एक माणूस जरी मायेनं धरून राहिलं, तरी लेकरू सावरतं. मोठ्यांचंच मन खचलं असेल तर १४४१६ या नंबरवर फोन करावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं युनिसेफ आणि सरकारबरोबर ‘आरंभ’ नावाचं काम उभारलं. त्यात अंगणवाडीच्या ताई पालकांचा मेळावा घेतात आणि लेकराशी खेळावं कसं, बोलावं कसं, ते करून दाखवतात. आपल्या अंगणवाडीत मेळावा कधी आहे, ते ताईंना विचारावं. बापांनीही जावं. लेकराला खांद्यावर घेऊन गेलं तर रस्ताभर बोलणं होईल.