जात्यातली हाडं, गाणी आणि मिनिटं

हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की मराठवाडा संपता संपता कनेरगाव नाका येतो. कधीकाळी या भागातून निजामाच्या राज्याची आणि वऱ्हाडाची हद्द जायची. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा रुपया. जातं मात्र दोन्हीकडे तेच, आणि पहाटे त्याच्यापाशी बसणारी बाईच.

आता ते ओसरीच्या कोपऱ्यात पडून असतं, लग्नात हळद दळण्यापुरतं बाहेर निघतं. जरा वाकून बघा. वैरण टाकून टाकून तोंडाची कड गुळगुळीत झालेली, खुंटा तळहातांनी चकचकीत. दगडावर बाईची खूण राहिली. पण दगडाचीही बाईवर राहते, ती थेट हाडांत!

सीरियातल्या अबू हुरेरा या पुरातन वस्तीत हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडले. थेया मोलसन या अभ्यासक बाईंना बायकांच्या पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबरेचे मणके झिजलेले, बदललेले दिसले. गुडघे टेकून, पुढे झुकून रोज तासन्‌तास धान्य रगडण्याची ती खूण. (त्यांचा दगड आपल्या जात्यासारखा फिरणारा नव्हता, पाटा-वरवंट्याचा भाऊबंद म्हणा.) २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं तपासली. ती आजच्या कसलेल्या नौकापटू मुलींपेक्षाही ११ ते १६ टक्के मजबूत निघाली. कसरत कुठली? शेतीची आणि दळणाची.

हाड सांगतं ते एवढंच. दळताना तिच्या मनात काय चाललं होतं, ते त्याला विचारून उपयोग नाही. तिथे ओवीच लागते. मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून नव्हे, तर खेडोपाडी सहकारी जोडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे त्यांचे सहकारी बर्नार्ड बेल यांनी कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. भाषेच्या अभ्यासकाला त्यांत बोली सापडते, संगीतवाल्याला चाल, समाजशास्त्रज्ञाला सासर, भाऊ, जात. आणि गंमत अशी, की आपली म्हणच आहे: जात्यावर बसलं की ओवी सुचते. गाणं आठवायला हात फिरावा लागतो, हे बायकांनी कुणी न शिकवता ताडलं होतं.

मग अर्थशास्त्र कुठे होतं? ते बराच काळ या दळणाला कामच म्हणत नव्हतं, कारण त्याची मजुरी नाही. मुंबईच्या एसएनडीटीत नीरा देसाईंनी १९७४ साली स्त्रियांच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं. मला त्यातलं मोठेपण असं वाटतं, की एका बाईचा दिवस समजायला एक खातं पुरत नाही, हे तिथे मान्य झालं. पुढे २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो, याची देशभर पाहणी झाली. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषांची ९७.

जातं तर केव्हाच थांबलंय. विजेची गिरणी आली, खांदे सुटले, ओव्याही सुटल्या. पण संध्याकाळी ज्वारीचा डबा कंबरेवर घेऊन गिरणीकडे कोण निघालंय, बघा. ती चक्कर या २९९ मिनिटांतलीच.