जुनी स्पोर्ट्स कार हळूहळू दुरुस्त करताय? मग ‘व्हिंटेज’चा नियम आधी समजून घ्या

अंबरनाथचं शिवमंदिर इ. स. १०६० मधलं. वालधुनीकाठचं हे शिलाहारकालीन मंदिर केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. तिथे डागडुजी होते, पण मूळ रूप बदलता येत नाही. जुन्या गाड्यांचा कायदाही साधारण हेच सांगतो. त्यामुळे जुनी स्पोर्ट्स कार घेऊन पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढत ती उभी करणाऱ्यांनी सावध राहायला हवं. हौसेने केलेल्या एका बदलामुळे ‘व्हिंटेज’ हा दर्जाच हातचा जाऊ शकतो.

व्हिंटेज नेमकं कशाला म्हणतात?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी म्हणजे व्हिंटेज. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार केलेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षं चालते. फेरनोंदणीला ५,००० रुपये लागतात. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं.

पण या गाडीने रोज स्टेशन गाठता येणार नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

५० वर्षं झालीच नसतील तर?

गोव्याच्या सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ आठवते? १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं इंजिन. चाहत्यांसाठी ती क्लासिक असेल, पण कायद्याने व्हिंटेज व्हायला अजून दोन दशकं आहेत. तोवर तिला इतर खासगी गाड्यांचेच नियम लागू होतात. १५ वर्षांनंतर फिटनेस तपासणी, मग दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. गाडी सुटी करून ठेवलीत आणि मधेच ही मुदत संपली, तर तयार गाडीही रस्त्यावर आणता येणार नाही. म्हणून खर्चाच्या वहीत पहिली नोंद या तारखेची हवी.

काम कुठून सुरू करायचं?

• आधी कागद: आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का, हे पैसे देण्यापूर्वीच बघा.

• मग गंज: फायबरग्लास गंजत नाही, पण त्याखालचे लोखंडी भाग गंजतात. अंबरनाथ-बदलापूरच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर ओल आतच कोंडतं. हवा खेळेल असं कापडी कव्हर आणि छप्पर असलेली जागा बरी. २००५ आणि २०१९ च्या जुलैतले पूर आठवून सखल भाग टाळा.

• मग ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या: रबर वर्षानुवर्षं पडून कडक होतं, चिरतं. गाडी पळण्याआधी थांबायला हवी.

• मग इंजिन: बंद पडून असलेल्या इंजिनला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हाताने फिरवून बघा.

• रंग सगळ्यात शेवटी: आधी रंगवलं, तर पुढच्या प्रत्येक कामात ओरखडे पडतात.

सुटे भाग?

भावंडं शोधा. ब्रिटिश ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही ‘हेराल्ड’वर आधारलेली, आणि हेराल्ड मद्रासमध्येही बनायची. त्यामुळे काही भाग भारतीय हेराल्डचे चालू शकतात.

प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं जपून ठेवा. काढलेला मूळ भागही लगेच भंगारात देऊ नका. गाडी मूळ रूपातच आहे हे उद्या दाखवायची वेळ आली, तर हाच पुरावा कामी येईल.