व्हाइट हिलवरचं ओल्ड टेनंट

न्यू जर्सीतल्या मॉनमथच्या रणभूमीवर येणारे बहुतेक लोक तोफा आणि मैदान पाहून परततात. एडिसन परिसरातल्या मराठी कुटुंबांनाही ही जागा मोटारीने तासाभराच्या आतली. त्यांनी आणखी थोडं पुढे, टेनंट गावच्या व्हाइट हिल टेकडीवरच्या ओल्ड टेनंट चर्चला जावं. त्या लढाईत माणसांचं काय झालं, ते या टेकडीवर जास्त कळतं.

इथली प्रेस्बिटेरियन मंडळी १६९२ची, छळाला कंटाळून आलेल्या स्कॉटिश लोकांनी स्थापलेली. टेकडीवर पहिलं चर्च १७३१च्या सुमारास उभं राहिलं. जागेवरून पुरुषांचा वाद चालला असताना जॅनेट री नावाच्या म्हातारीने कोनशिला उचलली आणि सरळ माथ्यावर नेऊन ठेवली. देवाच्या घरी जायचं ते चढून, उतरून नव्हे, असं तिचं म्हणणं, अशी आख्यायिका आहे. आजची पांढरी लाकडी वास्तू १७५१ची.

चर्चचं नाव पाळक विल्यम टेनंट यांच्याशी जोडलेलं आहे. तरुणपणी आजारात ते गेले असं समजून घरच्यांनी अंत्यविधीची तयारी केली होती. ते शुद्धीवर आले, पण मागचं सगळं विसरले होते. वाचायलाही नव्याने शिकावं लागलं. पुढे १७३३पासून मरेपर्यंत त्यांनी ही मंडळी सांभाळली. १७७७मध्ये ते वारले आणि चर्चच्या आतच, बाकांमधल्या वाटेखाली त्यांना पुरण्यात आलं.

पुढच्याच वर्षी, २८ जून १७७८ रोजी, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टन यांची अमेरिकन आणि क्लिंटन यांची ब्रिटिश फौज इथे भिडली. उकाडा इतका भयंकर होता की कित्येक सैनिक गोळी न लागताच कोसळून मेले. चर्चच्या मालकीच्या पाळकांच्या शेतावरही चकमक झाली. जखमींना चर्चमध्ये आणून ठेवलं. बाकांवरचे काळसर डाग त्यांच्याच रक्ताचे, असं सांगितलं जातं.

दफनभूमीत मला सर्वांत मोलाची वाटते ती शत्रूची कबर. ब्रिटिश ग्रेनेडियरांचे लेफ्टनंट कर्नल हेन्री मॉन्क्टन हल्ल्याच्या अग्रभागी पडले. त्यांचा देह अमेरिकनांच्या हाती लागला आणि त्यांनी तो सन्मानाने चर्चच्या भिंतीलगत पुरला. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या एका शाळामास्तराने तिथे लाकडी फळी रोवली: मॉन्क्टन यांचं नाव, मृत्यूची तारीख आणि खाली स्वतःची आद्याक्षरं. ज्याच्याशी नातं नाही, जो इथे शत्रू म्हणून लढला, त्याच्या नावाची कुणाला तरी काळजी वाटली, हे मला त्या लढाईच्या जयापजयापेक्षा मोठं वाटतं.

मंडळी आजही इथे उपासनेला जमते आणि गावातल्या लोकांना याच टेकडीवर मूठमाती दिली जाते. म्हणून रविवारची सकाळ आणि अंत्यविधीची वेळ सोडून जावं, आणि मॉन्क्टन यांच्या कबरीपासून सुरुवात करावी.