पायाखालची जमीन
स्पीडवे शर्यतींच्या अस्तित्वाची लढाई

जत्रेतला 'मौत का कुआँ' आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो. फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून गरगर फिरणारी मोटारसायकल, कानठळ्या बसविणारा आवाज, आणि वरच्या कठड्यावर श्वास रोखून उभे असलेले प्रेक्षक! त्या खेळात स्वार एकटा असतो आणि कसरतही ठरलेली असते. आता अशी कल्पना करा, की एकाऐवजी चार स्वार एकाच रिंगणात उतरले आहेत, त्यांच्या मोटारसायकलींना ब्रेक मुळीच नाहीत, आणि चौघेही एकमेकांना मागे टाकण्यासाठी जिवाची बाजी लावून धडपडत आहेत. या खेळाचे नाव 'स्पीडवे'. एके काळी लंडनमध्ये नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक जमविणारा हा खेळ आज त्याच देशात एकेका मैदानासाठी झगडतो आहे. हा झगडा कशासाठी आहे हे पाहू लागलो, की एका खेळापुरती न राहणारी गोष्ट आपल्या हाती लागते.

ना ब्रेक, ना गिअर

स्पीडवेची मोटारसायकल म्हणजे ५०० सी.सी.चे एक सिलिंडरचे इंजिन आणि त्याभोवती बांधलेला हलका सांगाडा. इंधन पेट्रोल नव्हे, तर मेथॅनॉल. वेग बदलण्यासाठी गिअर नाहीत. जो आहे तो एकच. लंबवर्तुळाकार रिंगणावर दगडाचा बारीक भुगा पसरलेला असतो. शर्यत चार फेऱ्यांची, डावीकडे वळत जाणारी. सारा मामला सुमारे एका मिनिटात आटोपतो. सरळ भागात वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो, आणि लगेच वळण येते. ब्रेक नसताना तेथे करायचे काय? स्वार मागचे चाक मुद्दाम घसरू देतो, पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला धरतो, आणि पोलादी तळ बसविलेला डावा पाय जमिनीवर टेकवून, तोल सावरीत, भुग्याचे फवारे उडवीत पुढे निसटतो. ज्या घसरण्याला रस्त्यावर आपण अपघात म्हणतो, तीच येथे कला ठरते.

पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला शून्य, असा साधा हिशेब. ब्रिटनमधील संघांच्या सामन्यात अशा पंधरा शर्यती होतात. म्हणजे प्रत्यक्ष धावणे मिळून पंधरा-सोळा मिनिटांचे. उरलेला वेळ रिंगण सारखे करण्यात, गुणपत्रक भरण्यात आणि शेजाऱ्याशी वाद घालण्यात जातो. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच बाकावर बसून गुणपत्रक भरताहेत, हे या खेळाच्या प्रेक्षागारातले नेहमीचे दृश्य होय.

वैभवाचे दिवस

या खेळाच्या जन्माबद्दल मतभेद आहेत. परंतु बहुतेक जण ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड या गावाकडे बोट दाखवितात. तेथील कृषिसंस्थेचे चिटणीस जॉनी हॉस्किन्स यांनी १५ डिसेंबर १९२३ रोजी विजेच्या दिव्यांच्या झगमगाटात जो रात्रीचा मेळा भरविला, त्यात गवती रिंगणावर मोटारसायकलींची शर्यत ठेवली होती. पाच वर्षांच्या आत हे वेड इंग्लंडला पोहोचले. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या एपिंग अरण्यात, हाय बीच येथे एका खानावळीमागील रिंगणावर शर्यती झाल्या. संयोजकांनी काही हजार लोकांची अपेक्षा धरली होती. प्रत्यक्षात तिच्या कितीतरी पट गर्दी लोटली. पुढच्याच वर्षी संघांच्या साखळी स्पर्धा सुरू झाल्या. १९३६ मध्ये वेंब्लीच्या विख्यात क्रीडागारात पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली आणि ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग पहिला विजेता ठरला. महायुद्धानंतर तर या खेळाला भरतीच आली. १९४९ साली टॉमी प्राइस हा पहिला इंग्रज जगज्जेता झाला, तेव्हा वेंब्लीत नव्वद हजारांवर प्रेक्षक होते.

मग ओहोटी कशी लागली? पहिला घाव सरकारी करमणूक कराचा. फुटबॉल किंवा क्रिकेटपेक्षा कितीतरी चढ्या दराने हा कर स्पीडवेवर बसविला गेला आणि तिकिटाच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा वाटा त्यातच जाऊ लागला. दुसरा घाव दूरदर्शन-संचाचा; घरबसल्या करमणूक मिळू लागताच संध्याकाळी बाहेर पडणारी पावले मंदावली. तिसरा घाव आश्रयदात्याच्या मृत्यूचा. वेंब्लीचे प्रमुख सर आर्थर एल्विन १९५७ च्या आरंभी वारले आणि त्या हंगामापूर्वीच वेंब्लीचा संघ बंद पडला. तरीही खेळ मेला नाही. छोट्या गावांतील संघांनी तो तगवून धरला, आणि १९६५ मध्ये अठरा संघांची नवी ब्रिटिश लीग उभी राहिली.

याचा अर्थ असा, की कर, दूरदर्शन आणि आश्रयदात्याचा वियोग हे तिन्ही आघात या खेळाने पचविले. जो आघात पचला नाही, तो मात्र निराळाच होता.

भाडेकरूची दैना

स्पीडवेला स्वतःचे रिंगण लागते. फुटबॉलच्या हिरवळीवर तो खेळता येत नाही. परंतु स्वतःच्या मालकीचे मैदान बाळगण्याइतकी मिळकत फार थोड्या संघांपाशी होती. म्हणून बहुतेकांनी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानांत किंवा कृषिप्रदर्शनाच्या आवारात बिऱ्हाड थाटले. आठवड्यातून एक संध्याकाळ आपली, बाकीचे दिवस मालकाचे. शहरे वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि आठवड्यातून एकदा भाडे देणाऱ्या पाहुण्यापेक्षा घरे बांधणारा कंत्राटदार मालकाला जवळचा वाटू लागला.

स्विंडनचेच उदाहरण घ्या. १९४९ पासून शर्यती चालविणारा हा संघ २०१९ मध्ये ब्रिटनच्या वरच्या साखळीचा विजेता झाला. तोच त्याचा शेवटचा हंगाम ठरला. मैदानाच्या पुनर्बांधणीचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत होता, त्यात महामारी आली, आणि विजेता संघ घराबाहेर पडला तो परतलाच नाही. वुल्व्हरहॅम्प्टनला २०२३ मध्ये मॉनमोर ग्रीनचे मैदान सोडावे लागले. मालकांना तेथे कुत्र्यांच्या शर्यतीच हव्या होत्या. पीटरबरोचा संघ १९७० पासून कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर होता. तेथे वसाहत उभी करण्याचा बेत ठरला आणि २०२३ च्या हंगामानंतर तोही उठला. योगायोग पाहा, ज्या प्रकारच्या कृषिसंस्थेच्या अंगणात हा खेळ जन्मला, तसल्याच संस्थेच्या अंगणातून त्याला निरोप मिळाला! लंडनमध्ये तर २००५ साली विम्बल्डनचा संघ बंद झाला, आणि खेळ गाजला ते शहरच त्याला पारखे झाले.

कॉव्हेंट्रीची कथा याहून करुण आहे. तेथील ब्रँडन मैदानावर १९२८ पासून शर्यती होत असत. २०१६ नंतर त्याला टाळे लागले. जमीन घरबांधणीसाठी विकली गेली होती. ओस पडलेल्या इमारतीत नासधूस झाली, आगी लागल्या. परंतु तेथील प्रेक्षक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी संघटना उभारली, कागदपत्रे जमविली, सुनावण्यांत साक्षी दिल्या. २०२२ मध्ये रग्बीच्या नगर परिषदेने घरबांधणीची परवानगी नाकारली आणि त्यावरील अपीलही पुढे फेटाळले गेले. लढाई जिंकली; पण जिंकलेले मैदान म्हणजे जळके भग्नावशेष. परवानगी नाकारता येते, मालकाला शर्यती भरविण्याची सक्ती करता येत नाही, हा या विजयातला काटा.

शेजाऱ्याचे गाऱ्हाणे

जमिनीइतकाच दुसरा प्रश्न आवाजाचा. सफोक परगण्यातील मिल्डनहॉल येथे १९७५ मध्ये रीतसर परवानगी घेऊन स्पीडवेचे मैदान बांधण्यात आले. तीस वर्षांनंतर, २००६ मध्ये, त्या परिसरातला एक बंगला एका जोडप्याने विकत घेतला आणि मोटारींच्या आवाजाविरुद्ध दावा लावला. प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, तो बंगल्याच्या बाजूने. घर नंतर घेतले म्हणून उपद्रवाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क जात नाही, आणि बांधकामाची परवानगी म्हणजे शेजाऱ्यांना त्रास देण्याचा परवाना नव्हे, असे त्याचे सार. मात्र प्रत्येक वेळी खेळ बंदच करण्याचा हुकूम द्यावा असे नाही, नुकसानभरपाईचाही विचार व्हावा, असेही न्यायालयाने सांगितले.

खेळाच्या चाहत्यांना हा निकाल कठोर वाटला. तथापि, दिवसभराच्या श्रमानंतर घरी शांतपणे बसू इच्छिणाऱ्या माणसाची बाजूही खोटी म्हणता येत नाही. इंजिनांचा आवाज कमी करण्याची साधने बसविणे, शर्यतींच्या वेळा पाळणे, आसपासच्या वस्तीशी सलोखा राखणे, ही कामे आता रिंगण सारखे करण्याइतकीच आवश्यक झाली आहेत.

मँचेस्टरचा धडा

या साऱ्या अंधारात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाची हकीकत दिव्यासारखी आहे. या संघाने १९२८ मध्ये कर्कमन्शुल्म लेन या कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानावर सुरुवात केली. ब्रिटनमधील पहिली आधुनिक ग्रेहाउंड शर्यत १९२६ मध्ये झाली, ती याच मैदानावर. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, संघ शेजारच्या हाइड रोडवरील मोठ्या मैदानात गेला आणि तेथे त्याने कीर्ती मिळविली. दोनदा जगज्जेता झालेला पीटर क्रेव्हन याच संघाचा. १९६३ मध्ये एडिंबरो येथे पुढे पडलेल्या स्वाराला चुकविताना तो कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी वारला. ब्रेक नसलेल्या वाहनावर दुसऱ्याचा जीव वाचवायचा, तर स्वतःचा पणाला लावावा लागतो.

१९८७ मध्ये हाइड रोडचे मैदान विकले गेले. जुन्या मोटारींचे लिलाव करणाऱ्यांनी ते घेतले आणि पाडले. संघ पुन्हा कुत्र्यांच्या मैदानात, पुन्हा भाडेकरू म्हणून, दाखल झाला. पावशतकाहून अधिक काळ असा काढल्यावर मँचेस्टर नगरपालिकेने पुढाकार घेतला आणि २०१६ मध्ये जवळच 'नॅशनल स्पीडवे स्टेडियम' उभे राहिले. आरंभ मात्र अपशकुनी ठरला. रिंगण नीट झाले नसल्यामुळे उद्घाटनाचाच सामना, प्रेक्षक जमले असता, रद्द करावा लागला! त्यानंतर चालकांची कंपनीही अडचणीत आली. परंतु मैदान नगरपालिकेचे असल्यामुळे चालक बदलले तरी मैदान राहिले. २०२२ मध्ये बेल व्ह्यूने तब्बल २९ वर्षांनी साखळी स्पर्धा जिंकली. इकडे ज्या कुत्र्यांच्या मैदानात संघाने इतकी वर्षे आसरा घेतला होता, ते २०२० मध्ये कायमचे बंद झाले होते. नवे मैदान झाले नसते, तर त्याच्याबरोबर बेल व्ह्यूचे नावही पुसले गेले असते.

पोलंडमध्ये जे दिसते

हा खेळ सर्वत्र क्षीण झाला आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पोलंडमध्ये आज तो फुटबॉलच्या पंक्तीला बसतो. टोरून, व्रोत्स्वाफ, लुब्लिन, लेश्नो, गोझूफ अशा शहरांत सामन्याच्या दिवशी गावाचा उत्सव असतो. टोरून येथे २००९ मध्ये केवळ स्पीडवेसाठी देखणे मैदान बांधण्यात आले. तेथील मैदाने बहुतांशी नगरपालिकांची आहेत, सामने दूरदर्शनवर दिसतात, आणि प्रत्येक संघात पोलिश तरुण स्वार खेळविलेच पाहिजेत असा नियम असल्यामुळे नवे रक्त येत राहते. २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत पाच वेळा जगज्जेता झालेला बार्तोश झ्मार्झलिक याच व्यवस्थेतून वर आला.

पोलंडची समृद्धी ब्रिटनला मात्र महागात पडते. तेथे मिळणारे पैसे ब्रिटिश संघांना देता येत नाहीत. त्यामुळे अनेक नामांकित स्वार इंग्लंडकडे पाठ फिरवितात. नामांकित स्वार नाहीत म्हणून प्रेक्षक कमी, प्रेक्षक कमी म्हणून पैसे कमी, असे हे चक्र आहे. २०२४ च्या हंगामात ब्रिटनच्या वरच्या साखळीत अवघे सात संघ होते. स्वार हा पगारदार नसतो. इंजिने, चाके, दुरुस्ती, मदतनीस हा सारा खर्च त्याने स्वतः सोसायचा असतो. मध्यमवर्गीय घरातील मुलाने या खेळात यायचे, तर घरच्यांची जमापुंजी आणि आईची झोप, दोन्ही खर्ची पडतात.

पुढे काय?

ऑक्सफर्डमध्ये २००७ नंतर बंद पडलेले स्पीडवे २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. नगर परिषदेने मैदानावर घरे बांधू दिली नाहीत आणि एका उद्योजकाने ते दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. म्हणजे प्रेक्षक हरवलेले नव्हते; दार उघडण्याची वाट पाहत होते. तरीही भाडेपट्टा म्हणजे मालकी नव्हे, आणि दहा वर्षे सरायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधले. महाराज गेले, संस्थान विलीन झाले, पण कुस्तीला हक्काची माती राहिली. परप्रांतात वसलेल्या आपल्या मराठी मंडळांना आणि वाचनालयांनाही या गोष्टीचे मर्म वेगळे सांगायला नको. ज्यांच्या पूर्वजांनी वर्गणी गोळा करून स्वतःची वास्तू उभारली, त्यांचा गणेशोत्सव आजही त्याच दिवाणखान्यात होतो. जी मंडळे भाड्याच्या खोल्यांतून फिरत राहिली, त्यांतील कित्येकांची आता इतिवृत्तेच तेवढी उरली आहेत. उत्साह त्यांच्यातही कमी नव्हता.

स्पीडवेचा स्वार ब्रेकवाचून वळण घेऊ शकतो, कारण पायाखाली जमीन आहे याची त्याला खात्री असते. ती खात्री त्याच्या खेळाला मिळवून देणे हे काम स्वाराचे नव्हे. नगरपालिकांनी पुढाकार घेतला, चाहत्यांनी मैदाने वाचविण्यासाठी वेळीच कंबर कसली, आणि शेजाऱ्यांचे गाऱ्हाणे समजुतीने ऐकून घेतले, तर या खेळाला अजून पुष्कळ वर्षे आहेत. मँचेस्टरमध्ये ते घडले. कॉव्हेंट्रीत अद्याप घडायचे आहे.